बूशेची पाणचक्की, तुमची कॉपी आणि भिंतीवरची सिनरी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तीन वर्षं तुम्ही घरच्या घरी तैलरंगात काम करताय. बहिणीच्या नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी अठराव्या शतकातल्या फ्रांस्वा बूशे या फ्रेंच चित्रकाराचं नदीकाठचं एक चित्र कॉपी करायला घेतलंत. पाणचक्की, तिच्याजवळचा लाकडी साकव, पाण्याशी ओणवी होऊन धुणं धुणारी बाई, छपरावर कबुतरं. चौकटी पाडून रेखाटन केलंत, ते चोख उतरलं. रंग भरले आणि ते तुमच्याच शब्दांत ‘सलूनमधल्या कॅलेंडरसारखं’ दिसायला लागलं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. बूशेचा तो निळसर हिरवा नेमका कोणत्या ट्यूबमधून येतो? आणि तुमचे सर म्हणतात तसं रोकोको, म्हणजे बूशेच्या काळातली ती नाजूक, सजावटी शैली, नुसती मिठाईच आहे का, की त्यातून काही शिकण्यासारखं आहे?

हिरव्याचं उत्तर एका ओळीचं आहे: तो कुठल्याच ट्यूबमध्ये नाही. पण तेवढं सांगून थांबलो तर तुम्ही दुकानात जाऊन आणखी चार हिरवे आणाल आणि कॅलेंडरचं फक्त पान उलटेल. तुमच्या फोटोत मला जे दिसतं ते असं. गिरणी गिरणीच्या जागी आहे, झाड झाडाच्या, बाई बाईच्या. प्रत्येक वस्तू आपापल्या रंगात न्हाऊन, कडा घासूनपुसून, लग्नातल्या ग्रुप फोटोत उभं राहावं तशी समोर बघत उभी आहे. बूशेच्या चित्रात वस्तूंच्या मधे एक राखाडी पदर असतो. छप्पर कुठे संपलं आणि झाड कुठे सुरू झालं ते तो पदर झाकतो. तुमच्याकडे तो नाही. वस्तू सगळ्या उतरल्यात, मधली हवा राहून गेली.

तुम्ही कोणतं चित्र घेतलंय ते लिहिलेलं नाही, आणि इथे त्याने फरक पडतो. बूशेने हा विषय पुन्हा पुन्हा रंगवला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७५१ चं एक आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत १७५५ चं, अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात १७५८ चं शारांतोंच्या गिरणीचं. (शारांतों म्हणजे पॅरिसजवळ मार्न नदी सेन नदीला मिळते तिथलं गाव.) प्रत्येकाचा टोन वेगळा, कुणावरचं व्हार्निश किती वेळा काढलंय तेही वेगळं. त्यामुळे खाली जी मिश्रणं सांगतो ती सुरुवात म्हणून धरा. पुढचं तुमच्या समोरच्या चित्रावरून जुळवायचं.

आणि ‘समोरचं चित्र’ म्हणजे नेमकं काय, हे आधी तपासा. मोबाइलचा स्क्रीन मागून उजळलेला असतो, त्यामुळे सावल्यांतले राखाडी एक तर काळे दिसतात नाहीतर रंगीत. पोस्टर विकणाऱ्या साइटवरचे फोटो तर गिऱ्हाइकासाठी मुद्दाम भडक केलेले असतात. संग्रहालयाने स्वतः टाकलेला फोटोच घ्या, तो मोठ्या आकारात मॅट कागदावर छापून घ्या आणि ज्या उजेडात रंगवता त्याच उजेडात ईझलशेजारी लावा. हे सगळं मी शहाणपणाने सांगत नाही, पोळल्यामुळे सांगतो. मी माझी पहिली बूशे कॉपी एका पुस्तकातल्या छापील पानावरून केली होती. त्या छपाईत पिवळा जास्त बसला होता. मला वाटलं, अहाहा, काय सोनेरी संध्याकाळ आहे! तीच सोनेरी संध्याकाळ मी पुढे कित्येक विद्यार्थ्यांनाही शिकवली. खूप वर्षांनी पॅरिसला जाण्याचा योग आला, चित्रासमोर उभा राहिलो, आणि ते चांदीसारखं थंड होतं. संध्याकाळ वगैरे काही नव्हती. इतकी वर्षं मी बूशे समजून छापखान्याची शाई रंगवत होतो.

आता हे चित्र बांधलं कसं ते बघू, कारण रंगांची गोम तिथेच आहे. बूशेचा जन्म १७०३ चा, मृत्यू १७७० चा. विशीत त्याने वातो या आधीच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकाराच्या शंभराहून अधिक रेखाटनांच्या एचिंग प्लेट केल्या, म्हणजे छापण्यासाठी धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरल्या. रेषा कुठे जाड ठेवायची, कुठे सोडून द्यायची हे त्या कामात त्याच्या हातात बसलं. पुढे बोव्हे गावच्या टॅपेस्ट्री कारखान्यासाठी, म्हणजे भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रपडद्यांसाठी, तो आराखडे काढू लागला. पॅरिसच्या ऑपेरासाठी नेपथ्यही केलं. आणि त्या मोडक्या झोपड्या, कबुतरखाने, कलंडलेली कुंपणं? त्यांचा एक धागा हॉलंडला जातो. अब्राहम ब्लूमार्ट नावाच्या जुन्या डच चित्रकाराच्या रेखाटनांवरून बूशेने १७३५ मध्ये एचिंगचं अख्खं पुस्तक काढलं होतं. म्हणजे तुम्ही ज्याला ‘फ्रेंच खेडं’ समजून रंगवताय त्यात थोडं पॅरिसच्या आसपास फिरून काढलेलं खरं रेखाटन आहे, थोडं हॉलंड आहे, आणि बरंचसं रंगमंचावरचं नेपथ्य आहे.

इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्स एकदा बूशेच्या स्टुडिओत गेला होता. बूशे एका मोठ्या चित्रावर काम करत होता, पण समोर मॉडेल नाही, रेखाटन नाही, काहीच नाही. विचारल्यावर म्हणाला, तरुणपणी मॉडेलची गरज वाटायची, ते सोडूनही बरीच वर्षं झाली. रेनॉल्ड्सने हे नापसंतीनेच सांगितलंय. पण कॉपी करणाऱ्याला यातून एक किल्ली मिळते. या चित्रात एक सूर्य नाही. नाटकात जसा स्पॉट पडतो तसा उजेड बूशे पाहिजे तिथे टाकतो: गिरणीच्या भिंतीच्या एका तुकड्यावर, बाईच्या पाठीवर, एखाद्या फांदीच्या टोकावर. बाकीचं विंगेत. तुमच्या कॉपीत सगळ्या झाडांच्या उजव्या कडा सारख्याच उजळल्यात. तुम्ही मनाशी सूर्याची दिशा ठरवलीत आणि प्रामाणिकपणे शेवटपर्यंत पाळलीत. आपण वाईला घाटावर बसून काम करतो तेव्हा हाच प्रामाणिकपणा कामाला येतो, इथे तो घात करतो. इथे तर्क चालवायचा नाही. उजेड कुठे आहे ते फक्त बघायचं आणि उतरवायचं.

हे बघण्याची सोपी युक्ती म्हणजे मूळ फोटो आणि तुमची कॉपी दोन्ही मोबाइलवर कृष्णधवल करून शेजारी ठेवा. मी तुमचा फोटो तसा करून पाहिला. मूळ चित्रांत गडद असतो पुढचा काठ, मग एक रुंद मधला राखाडी पट्टा, आणि मागे फिकट होत गेलेली झाडं. अगदी पांढरं म्हणावं असं दोन-तीन ठिकाणीच. तुमच्याकडे पांढऱ्याच्या जवळ जाणाऱ्या मी सतरा जागा मोजल्या. कबुतरं सगळी, ढग सगळे, पाण्यावरच्या रेघा, चाकाचे शिंतोडे. ज्या घरात सगळेच ओरडतात तिथे कुणाचंच ऐकू येत नाही.

आता निळी झाडं. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा लांबवतो.

बूशेची झाडं निळसर दिसतात याला एक कारण नाही, तीन आहेत, आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत. पहिलं कारण रंगाच्या बाजारातलं. १७०० नंतरच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये लाल रंग तयार करताना वापरलेल्या पोटॅशमध्ये भेसळ निघाली आणि लालाऐवजी गडद निळा तयार झाला, अशी त्याची गोष्ट सांगतात. हाच आपला प्रशियन ब्लू. तोवर चांगला निळा म्हणजे अफगाणिस्तानातून येणाऱ्या दगडाचा अल्ट्रामरीन, आणि त्याची किंमत परवडण्यासारखी नव्हती. प्रशियन स्वस्त आणि भयंकर तेज. बूशेच्या पिढीला तो तरुणपणीच हातात मिळाला आणि त्यांनी तो आकाशात, कपड्यांत, पानांत सगळीकडे वापरला.

दुसरं कारण काळाचं. त्या काळी हिरवा बहुधा निळा आणि पिवळा मिसळून करत. वरून द्यायचा पारदर्शक पिवळा कित्येकदा वनस्पतींच्या रसापासून केलेला असे. असले पिवळे उजेडात उडतात. तुमच्या घरी हळदीचा डाग पडलेला रुमाल आई उन्हात टाकते ना? साबणाने न गेलेला डाग दोन दिवसांत उन्हाने जातो. तसंच, फक्त इथे अडीचशे वर्षं लागतात. पिवळा उडाला की खालचा निळा उरतो. टॅपेस्ट्रीत तर हे अगदी उघड दिसतं. तिथला हिरवा धागा निळीत आणि पिवळ्या वनस्पती-रंगात बुडवलेला असे. आज संग्रहालयात त्या पडद्यांवरची जंगलं निळी दिसतात, आणि पडदा उलटा केला की मागची बाजू अजून हिरवी असते, कारण तिला उजेड लागलेला नसतो.

तिसरं कारण आवडीचं. बूशेच्या नावावर एक वाक्य सांगतात, की निसर्ग फार हिरवा आहे आणि त्याची प्रकाशयोजना वाईट आहे. तो खरंच तसं म्हणाला की नाही ते सोडा. चित्रांकडे पाहिलं तर त्याचं मत तेच होतं यात मला शंका नाही. ही चित्रं दिवाणखान्यात लागायची. भिंतीवरचं फिकट लाकूडकाम, सोनेरी नक्षी, रेशमी खुर्च्या. तिथे जून महिन्यातला कोकणी हिरवा लावला असता तर खोलीचं काय झालं असतं बघा.

यातून तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागेल, तो रंग पिळण्याआधी घ्या. चित्र आज दिसतं तसं कॉपी करायचं, की १७५० च्या सुमारास दिसत असेल तसं? दुसरा रस्ता मोहक आहे, पण कोणत्या पानावरचा पिवळा किती उडाला ते प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, मग आपण अंदाजपंचे हिरवा घालत सुटतो. मी नेहमी आजचं करतो. तुम्हीही तेच करावं असं सुचवेन. गोंधळ नको म्हणून सांगतो, दोन्ही रस्त्यांत सॅप ग्रीन आणि लेमन यलो यांचं काम नाही. तुमच्या कॉपीत ते दोघंच बोलतायत.

आता कृती. कॅनव्हास पांढरा ठेवू नका. त्या काळी फ्रान्समध्ये कॅनव्हासवर बऱ्याचदा खाली तांबूस मातीचा थर आणि त्यावर राखाडी थर देत. आपल्याला इतकं करायची गरज नाही. विकतच्या गेसो केलेल्या, म्हणजे पांढरं अस्तर दिलेल्या कॅनव्हासवर पांढरा, रॉ अंबर आणि जरासा यलो ऑकर टर्पेंटाईनमध्ये पातळ करून फडक्याने चोळा. ओल्या सिमेंटपेक्षा उजळ आणि किंचित उबदार असा राखाडी यायला हवा. सुकू द्या. उन्हाळ्यात दोन दिवस, पावसाळ्यात चार-पाच. याचा फायदा असा की पांढरा रंग पहिल्यांदा लावाल तेव्हा तो खरोखर उजेड दिसेल. पांढऱ्या कॅनव्हासवर सगळंच गडद वाटतं म्हणून हात आपोआप उजळ होत जातो आणि मग सतरा कबुतरं ओरडायला लागतात.

पॅलेटवर पाचच रंग घ्या: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सायना, रॉ अंबर, प्रशियन ब्लू. सहावा व्हर्मिलियनचा, म्हणजे शेंदरी लालाचा एक थेंब, तो शेवटच्या दिवशी. बूशेकडे यापेक्षा जास्त रंग होते, हे मान्य. पण तुम्हाला आत्ता रंगांची नाही, राखाडीची तालीम हवी आहे. टायटेनियम जरा थंड आणि खडूसारखा असतो, म्हणून त्यात पहिल्यापासून ऑकरचा कण घालून ठेवा. जुना शिशाचा पांढरा मिळाला तरी घरात वापरू नका, तो विषारी आहे.

मग चित्र काढायच्या आधी एक संध्याकाळ फक्त पॅलेट नाईफ घेऊन बसा. प्रशियन ब्लू तांदळाच्या दाण्याएवढा घ्या. खरंच तेवढाच, कारण तो एका दाण्यात अख्खी वाटी निळी करतो. त्यात चार दाणे ऑकर घाला. गडद, जरा उग्र हिरवा होईल. आता त्यात बर्न्ट सायना अगदी टोकाने घालत जा. एका क्षणी तो हिरवा अचानक शांत होतो. हिरवाही म्हणवत नाही आणि तपकिरीही. तिथे थांबा. त्याचे तीन ढीग करा. पहिला तसाच, दुसऱ्यात पांढरा, तिसऱ्यात जास्त पांढरा आणि निळ्याचा आणखी एक कण. पहिला पुढच्या काठाचा, दुसरा गिरणीमागच्या झाडांचा, तिसरा दूरच्या झाडीचा. हे तीन ढीग छापील चित्राच्या कडेला धरून बघा. तुम्ही विचारलेला हिरवा यातला मधला आहे, आणि ढीग म्हणून पाहिलात तर तो चक्क राखाडी दिसतो. शेजारी तांबूस छप्पर आलं की तोच हिरवा वाटायला लागतो. ही सगळी शेजाऱ्यांची करामत आहे.

रंगवताना पहिल्या थरात रॉ अंबर आणि थोडा निळा टर्पेंटाईनमध्ये पातळ करून फक्त गडद-उजळ मांडा. बाई नको, कबुतरं नकोत. डोळे किलकिले करून जे मोठे आकार दिसतात तेवढेच. रॉ अंबर लवकर सुकतो, म्हणून या थराला बरा. त्यावर दुसरा थर आकाशापासून सुरू करा, आणि आकाश ओलं असतानाच दूरच्या झाडांच्या कडा त्यात घुसवा. सुक्या आकाशावर झाड काढलंत की कडा कात्रीने कापल्यासारखी येते. तुमची तशीच आली आहे. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं वाढवत न्या. खाली रुक्ष, वर स्निग्ध, नाहीतर वरचा थर पुढे तडकतो.

पानांबद्दल. तुम्ही बहुधा गोल ब्रशने एकेक पान टेकवलंय. हजार पानं आहेत आणि झाड मात्र नाही. बूशेचं पान म्हणजे स्वल्पविरामासारखा वळलेला फटकारा. ब्रशला रंग भरपूर, मनगट सैल, आणि फटकारे गुच्छाने येतात, एकाच दिशेने ढळलेले. गुच्छाच्या आत काहीही नाही, नुसता मधला राखाडी. फक्त वरच्या कडेला पाच-सात जाड, फिकट फटकारे. आधी जुन्या वर्तमानपत्रावर दोनशे वेळा करून बघा. गंमत म्हणजे मोडी लिहिलेला हात यात लवकर बसतो. माझ्या वर्गात सत्तरीतले एक आजोबा होते, जुने दस्त वाचण्यासाठी मोडी शिकलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी असं झाड काढलं की आम्ही बघतच राहिलो.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो: गिरणीच्या सावलीतलं पाणी निळं नसतं. वरच्या भिंतीचा रंग घ्या, त्यात अंबर घालून अर्धा टोन खाली आणा, उभा ओढा, आणि ओलं असतानाच कोरड्या सपाट ब्रशने आडवा एक हात फिरवा. चमकत्या रेघा दोनच.

आता धुणं धुणारी बाई. तुम्ही तिला शून्य नंबरच्या ब्रशने डोळे काढलेत, भुवया काढल्यात, ओठ लाल केलेत. तिचं अख्खं डोकं चित्रात बोराएवढं आहे! बूशे मोठ्या चित्रांतला गोऱ्या अंगांचा बादशहा, पण या नदीकाठच्या चित्रांत त्याच्या बायका म्हणजे एक पाठीची कमान, एक पांढरा पदर, एक मानेचा ठिपका. ओणवी असेल तर मानेपासून कमरेपर्यंत एकच रेषा, तिथे ब्रश उचलायचा नाही. तिच्या हातातलं कापड हे चित्रातल्या सगळ्यात पांढऱ्या दोन-तीन जागांपैकी एक असू द्या. आणि तो व्हर्मिलियनचा थेंब तिच्या घागऱ्यावर किंवा चोळीवर, मूळ चित्रात जिथे असेल तिथे. तो पडला की आजूबाजूचे सगळे राखाडी एकदम हिरवे होतात. विद्यार्थ्यांना मी हे दाखवतो तेव्हा वर्गात हमखास ‘अरे!’ असा आवाज येतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: कॅनव्हास राखाडी, रंग पाच, झाडांच्या कडा ओल्यात ओल्या, पांढऱ्या जागा मोजून तीन, आणि बाईला डोळे नाहीत.

तुमच्या सरांच्या मिठाईबद्दल. सर काही वावगं बोलत नाहीत, आणि ते पहिलेही नाहीत. फ्रेंच लेखक आणि कलासमीक्षक दिदेरोने पॅरिसच्या सलों नावाच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात १७६१ मध्ये बूशेचं एक निसर्गचित्र पाहून लिहिलं, की या माणसाकडे सगळं आहे, फक्त सत्य नाही. उघड्या रानात, वस्तीपासून लांब, बायका-पुरुष-पोरं, बैल, मेंढ्या, कुत्री, पेंढ्या, हंडे-कढया हे सगळं एका जागी कुणी आणून ठेवलं, असं त्याने चिडून विचारलंय. पण त्याच परिच्छेदात पुढे तो कबूल करतो, की हा सगळा वेडेपणा कळतो, तरी चित्रासमोरून हलवत नाही, माणूस परत परत तिथे येतो. सरांना या दुसऱ्या अर्ध्याबद्दल विचारा. नुसती मिठाई असती तर दिदेरोसारखा तिखट माणूस परत वळला नसता. त्याला धरून ठेवलं ते त्या राखाडी पदरानेच, असं मी धरून चाललोय.

आणि सत्याचंच म्हणाल तर मेणवलीच्या घाटावर बसून मी कृष्णेची किती चित्रं केली असतील, एकातही विजेचा खांब नाही. खांब आहे, चांगला मधोमध आहे. मी तो दर वेळी काढून टाकतो आणि त्या जागी पिंपळाची फांदी जरा ओढून घेतो. प्लॅस्टिकच्या बादलीच्या जागी तांब्याची घागर ठेवणारे चित्रकार तर मी डझनावारी दाखवीन. मग बूशेच्या कबुतरांवर आपण कोणत्या तोंडाने रागवायचं?

तुम्हाला सलूनमधलं कॅलेंडर आठवलं तेही उगाच नाही. झोपडी, पाणचक्की, साकव, दूर निळी झाडी, आणि जागा उरलीच तर दोन हंस. आपल्याकडे ज्याला ‘सिनरी’ म्हणतात तिचं हे सगळं सामान याच घराण्यातलं आहे. बूशेची ही निसर्गचित्रं ल बासारख्या खोदकारांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरली आणि छापून विकली. त्याच्या आकृती चिनी मातीच्या भांड्यांवर गेल्या. पुढे छपाई स्वस्त होत गेली, एकाची नक्कल दुसऱ्याने केली, दुसऱ्याची तिसऱ्याने. वस्तू सगळ्या टिकल्या कारण त्या मोजता येतात. राखाडी मोजता येत नाही, तो दर नकलेत थोडा थोडा गळत गेला आणि त्या जागी भडक हिरवा बसला. तुमच्या कॅनव्हासवर तो सगळा प्रवास एका महिन्यात घडलाय इतकंच.

सध्याचा कॅनव्हास टाकू नका. पण त्यावर तपकिरी व्हार्निश चोपडून ‘अँटिक लुक’ आणायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. भडक हिरव्यावर तपकिरी चढवला की गाळलेल्या चहाचा चोथा दिसतो. त्याऐवजी फक्त आकाश आणि मागची झाडी पुन्हा रंगवा, वर सांगितलेल्या तिसऱ्या ढिगाने, आणि बाकीचं तसंच राहू द्या. आठवडाभर भिंतीवर लावून बघा. पुढची गिरणी कुठे खटकते ते मग आपोआप दिसेल. नवीन कॅनव्हास घ्यायचाच असेल तर मूळ चित्राच्या मापाचा नको, लहान घ्या. लूव्रमध्ये बसून कॉपी करणाऱ्यांनाही मूळ मापात काम करू देत नाहीत आणि मूळ चित्रकाराची सही उतरवू देत नाहीत. चांगली पद्धत आहे. सही तुमचीच करा, आणि कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीने ‘बूशेवरून’ असं लिहून साल घाला.

झालं की दोन फोटो पाठवा, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. मी आधी दुसराच उघडणार आहे.